नदीपलीकडची गाडी

नागपूरच्या मोटारीत बायकांची जागा पुढे, ड्रायव्हरच्या पाठीशी; चढायचे-उतरायचे दार मागे. मनकर्णेला हे चांगले ठाऊक होते. मास्तरणीचे ट्रेनिंग तिने याच शहरात राहून केले होते. पुढे चांद्याच्या मुलींच्या शाळेत लागली, तरी नागपूरच्या गोष्टी ती वर्गात अशा सांगे की इथल्या गल्ल्या म्हणजे जणू तिचे माहेरचे अंगण. म्हणून इतवारीच्या थांब्यावर वडिलांना घेऊन उभी असताना तिने सगळे आधीच ठरवून ठेवले होते.

"मी पुढं बसीन, बाबा. तुमी मागं, दाराजवळ बसा. माहं लुगडं दिसते नं तुमाले?"

मुखरूने डोळे बारीक केले. "जांभळं दिसते. तोंड नाई दिसत."

"तोंड पाहून काय करता? जांभळ्या रंगावर ध्यान ठेवा. तो रंग उठला की तुमी उठा."

"अन् मधात कुठी—"

"मधात काही नाई. सरळ दवाखान्यापाशी उतरायचं."

वर्गातल्या साऱ्या मुलींना पुरते बोलू दिले तर घंटा होईपर्यंत धड्याचे पहिले पान उलटत नाही. त्यामुळे समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर आले की उरलेले आपणच ओळखायचे आणि उत्तर देऊन मोकळे व्हायचे, ही सवय मनकर्णेला लागली होती. ती शाळेत उपयोगी पडे, आणि शाळेबाहेरही तिची कुणी तक्रार केली नव्हती. करायला गेले असते तर तीही अर्ध्यावरच राहिली असती.

वैनगंगेच्या अलीकडे, सावली गावाकडच्या रानात त्यांचे गाव. घर ढिवराचे. थोडे धान आणि बाकी तळ्याची मासोळी, यावर चालत आलेले. कार्तिकात मनकर्णेची आई, गोकुळा, गेली. चार दिवस ताप आला आणि चांद्याला तार पोचून मनकर्णा घरी येईपर्यंत अंगण शेणाने सारवून झाले होते. होळीच्या सुटीत ती पुन्हा गावी गेली तेव्हा वडील ओट्यावर जाळे विणत बसले होते, आणि फाटलेली जागा डोळ्याने न शोधता जिभेने चाचपून शोधत होते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरला होता. तिने तिथेच ठरवले की नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचे. मुखरू हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. गोकुळा गेल्यापासून तो कशालाच काही म्हणत नसे.

गावाहून मूलच्या स्टेशनापर्यंत जी मोटार येते तिच्या वाटेत नाला आहे, पूल नाही. नाला आला की ड्रायव्हर गाडी उभी करतो. पुरुषमाणसे न सांगता उतरतात, वाहाणा हातात घेतात, धोतर वर खोचतात आणि पाण्यातून पलीकडे जाऊन उभी राहतात. हलकी झालेली गाडी वाळूत रुतत नाही. बाया, आजारी माणसे आणि कोंबड्यांच्या डाली तेवढ्या आत राहतात. पलीकडच्या चढावर गाडी थांबते आणि सारे पुन्हा चढतात. कुणी लघवीला बसला असेल तरी त्याला सोडून गाडी हलत नाही. त्या बाजूच्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही.

काल येतानाही तसेच झाले. मुखरू सर्वांत शेवटी उतरला. वाहाणा हातात घेऊन तो मनकर्णेच्या खिडकीखाली आला आणि त्या जराशा वर धरून उभा राहिला. त्याला वाट दिसत नसावी असे तिला वाटले. "चला बाबा, सारे गेले नं पुढं," ती आतूनच म्हणाली. त्याने हात खाली घेतला आणि पाण्यात शिरला.

मग मूलहून छोट्या रुळांची आगगाडी, नागभीडला गाडी बदलून इतवारी. गाडीत त्याने एकदाच तोंड उघडले. "तुही माय असती त—"

"टोपी सांभाळा बाबा, खिडकीतून उडून जाईन."

आईचे नाव निघाले की ती दुसरेच काही तरी काढी. टोपीचे बोलणे सोपे होते. रात्र त्यांनी स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत काढली, आणि सकाळी चहा घेऊन दोघे मोटारीच्या थांब्यावर आली.

मोटार आली ती भरलेलीच. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "पुढं सरका, पुढं सरका! आत जागा हाय, मनात नाई तुमच्या!"

मनकर्णेने वडिलांना दंडाला धरून चढवले, दाराजवळच्या बाकावर एका पोत्याशेजारी बसवले आणि स्वतः वाट काढत पुढे गेली. वळून पाहिले तर माणसांच्या खांद्यांमधून पांढऱ्या टोपीचे टोक दिसत होते. तिने हात हलवला. मग तिच्या ध्यानात आले की त्याला हात दिसणार नाही.

"राजधानी मुंबईले गेली अन् मोटारीबी घेऊन गेली," एक जण दांडा धरून म्हणत होता. "पहिले का अशी गर्दी होती?"

"पहिले तुमी सायकलीनं जात होते, देशमुख," दुसरा म्हणाला. "गर्दी तुमच्यानंच झाली."

मोटार हसली. मनकर्णेलाही हसू आले. तिने मांडीवरची पिशवी नीट धरली. पिशवीत सगळे होते: पैसे, दवाखान्याचा कागद, धर्मशाळेची पावती, वडिलांचा एक सदरा. महालाच्या गल्लीत गाडी रांगत चालली. पुढे नाग नदीच्या पुलाशी म्हशींचा कळप आडवा आला आणि ड्रायव्हरने भोंग्यावर हात ठेवून गाडी उभी केली. म्हशी भोंग्याला भीत नव्हत्या. देशमुखांनी म्हशींनाही राजधानीच्या गावी पाठवायची सूचना केली. थोड्या वेळाने वाट मोकळी झाली, गाडी पुलावरून पलीकडे गेली आणि दवाखान्याच्या फाटकासमोर थांबली.

मनकर्णा उठली. पुढे उभ्या माणसांतून मागे येईपर्यंत उतरणारे उतरून गेले होते. दाराजवळच्या बाकावर पोते होते. पोत्याशेजारी एक कॉलेजचा मुलगा बसला होता.

"इथे माझे वडील बसले होते," ती म्हणाली.

मुलाने पोत्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. "मी आत्ता बसलो, बाई. जागा खालीच होती."

ती खाली उतरली. फाटकाशी संत्रीवाल्या, टांगे, खाटेवर निजवून आणलेला एक माणूस. पांढऱ्या टोप्या कितीतरी. एकही त्याची नव्हती.

"कंडक्टर, दाराशी धोतरवाले म्हातारे बसले होते. पांढरी टोपी. कुठे उतरले?"

"बाई, इथी अर्धं नागपूर धोतरवालं हाय, अन् त्यातलं अर्धं म्हातारं. मी का तोंडं पाहतो? मी हात पाहतो, पैशाचे." त्याने घंटीच्या दोरीला हात घातला, पण ओढली नाही. तिचा चेहरा पाहून मागे वळून ओरडला, "अहो, दाराजवळचा बुढा कुठी उतरला, कोनी पाह्यलं का?"

पोत्याचा मालक झोपेतून जागा झाल्यासारखा बोलला. "तो? तो उतरला नं म्हशीपाशी. म्या म्हटलं, बाबा, अजून थांबा नाई आला. त मले म्हणते, 'तुमी बसा, मी येतो तिकडून.' वाहाणा काढल्या, हातात घेतल्या, धोतर खोचलं अन् गेला खाली. म्या म्हटलं, सकाळची वेळ हाय, गेला असन नदीवर."

गाडीत पुन्हा हसू पिकले. मनकर्णा रस्त्यावर उभी होती. वाहाणा काढल्या आणि हातात घेतल्या, एवढे ऐकले आणि पुढचे तिला कुणी सांगायला नको होते. नदी आली. गाडी थांबली. बाया आत बसल्या. पुरुषमाणसाने उतरायला हवे होते, म्हणून तो उतरला. "मधात कुठी—" असे तो विचारत होता, आणि मधात काही नाही असे तिनेच सांगितले होते. आणि पलीकडे गाडी थांबते, माणसाला सोडून जात नाही, अशी त्याची खात्री होती.

मोटार गेली. तिने एक सायकल रिक्षा थांबवली.

"पुलापाशी. लवकर."

"लवकर म्हणजे कसं, बाई? पाय माहेच हायेत, इंजिन नाई." तरीही त्याने जोर लावला. "कोन हरवलं?"

"वडील."

"मंग भेटतेत. म्हातारं माणूस दूर जात नाई. जवान हरवला त पाह्यची सोय नसते."

म्हाताऱ्याकडे काय आहे आणि काय नाही, याचा ती मनात हिशेब लावत होती. पैसा एक नाही. कागद नाही. धर्मशाळेचे नाव त्याने विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते. त्याला आपल्या गावाचे नाव सांगता येईल. पण त्या नावाची गावे चांदा जिल्ह्यातच दोन-तीन आहेत आणि नागपूरच्या शिपायाला त्यातले एकही माहीत नसणार. दिसत नाही. समोरून टांगा आला तर तो भोंगा देत नाही. कार्तिकात तार हातात पडली तेव्हाही ती अशीच बसली होती, चांद्याच्या मोटारीत, पिशवी मांडीवर घट्ट धरून. तेव्हाही तिने वाटेत सगळे ठरवले होते: कोणता डॉक्टर, कोणते औषध, कुणाकडे उतरायचे.

पुलावर ती उतरली. कठड्यावरून वाकून पाहिले. फाल्गुन सरत आला होता, नदीत पाणी घोट्याएवढे. दगडावर कपडे आपटणाऱ्या एका धोबिणीला तिने हाक मारली.

"मावशी, इकडून कुणी म्हातारे पाण्यातून गेले का? वाहाणा हातात?"

"गेले नं! मी म्हटलं, बाबा, एवढा मोठा पूल बांधला सरकारनं, त्याच्यावर काटे हायेत का? त मले म्हणते, 'गाडी जड हाय, माय.'" धोबीण कमरेवर हात ठेवून हसली. "मंग म्हणते, 'पाह्य बरं, आली का गाडी वरती?' मी पाह्यलं, त उभी होती. म्हटलं, 'उभी हाय तुमची गाडी, जा.' हात धरून वर चढवून देल्लं म्या त्यायले."

"कोणती गाडी?"

"कोनती म्हणजे? मोटार. लाल तोंडाची. मले का वाचता येते?"

पलीकडच्या चढावर, थांब्याजवळ, पानठेला होता. ठेलेवाला पानाला चुना लावत होता आणि मनकर्णेने त्याचा हात धरायचेच बाकी ठेवले.

"हो, आला होता बुढा. पाय ओले, वाहाणा हातात. सक्करदऱ्याची उभी होती, तिच्यात चढला. ड्रायव्हर पान खाऊन राह्यला होता म्हून भेटली, नाईतर गेलीच असती." त्याने मान वर केली. "चुकीच्या गाडीत बसला का?"

गावाला एकच मोटार येते. नदीपलीकडे उभी असलेली मोटार ती आपलीच. यात त्याचे काय चुकले, हे मनकर्णेला पानठेलेवाल्याला समजावता आले नसते.

"पुढची सक्करदऱ्याची कधी?"

"येईन. कवा येईन ते ड्रायव्हरलेबी मालूम नसते."

थांब्यावर ती उभी राहिली. आतापर्यंत काही तरी करता येत होते. थांबायचे म्हटल्यावर भीती अंगावर आली. कंडक्टरने तिकीट मागितले असेल. नाही म्हटल्यावर कुठे तरी उतरवून दिले असेल. उतरवले तर तो कुठे जाईल? जांभळा रंग शोधत जाईल. या शहरात जांभळी लुगडी किती असतील? समोरून दोन बाया गेल्या, त्यातली एक जांभळ्यातच होती, आणि मनकर्णेला स्वतःच्या शहाणपणाचा असा राग आला की तिने पदर तोंडात धरला.

मोटार आली. या वेळी ती पुढे गेली नाही, दाराशीच उभी राहून कंडक्टरला विचारू लागली. त्याला काही माहीत नव्हते, आधीची गाडी त्याची नव्हती. पण प्रश्न गाडीभर झाला.

"चौकीत कळवा," वर्तमानपत्र वाचणारा एक जण पानाआडून म्हणाला. "वर्णन द्या. उंची, रंग, व्रण."

"आधी देवाले बोल बाई, मंग पोलिसाले," एक म्हातारी म्हणाली. "देव वर्णन पुसत नाई."

"ऐकू येते का त्यायले?" मागून कुणी तरी विचारले.

"हो."

"मंग काय घाबरता? हाक मारत जा खिडकीतून."

थट्टा होती की खरेच, हे तिला कळले नाही, पण तिने खिडकीची जागा घेतली. रस्त्याच्या दोन्ही बाजू ती अशी पाहत गेली की डोळ्यांत पाणी आले. एका घराच्या ओट्यावर टोपीवाला बसलेला दिसला. तो वळला, आणि तरुण निघाला. एका ठिकाणी माणसांचा घोळका होता. घोळक्याच्या मध्ये काय आहे ते दिसेपर्यंत ती खिडकीबाहेर वाकून राहिली. माकडवाला होता.

शेवटचा थांबा आला. सक्करदऱ्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कडुलिंबाखाली लाल तोंडाची एक मोटार रिकामी उभी होती. तिचा ड्रायव्हर आणि कंडक्टर टपरीवर चहा पीत होते. मनकर्णेने गाडीत डोकावून पाहिले. आत कुणी नव्हते.

"भाऊ, तुमच्या गाडीत नदीपाशी एक म्हातारे चढले होते. पांढरी टोपी, पाय ओले."

"ते वाहाणवाले?" कंडक्टर बशी खाली ठेवून म्हणाला. "ते नं? ते अन् त्यायची पोरगी तिकडं तळ्यापाशी बसली हायेत."

"त्यांची पोरगी?"

"मंग? मी तिकीट मांगलं त त्यायनं पुढं बोट दाखवलं. 'माह्या पोरीपाशी हाय.' पोरीनं काढलं तिकीट. काऊन, काय झालं?"

मनकर्णा धावली नाही. पिशवी काखेत धरून ती चालत गेली. तळ्याच्या काठाला दगडी पायऱ्या होत्या. तिथे वरच्या पायरीवर पांढरी टोपी होती, आणि टोपीच्या शेजारी जांभळे लुगडे.

ती बाई मनकर्णेहून वयाने जरा मोठी. कोष्ट्याची दिसत होती. शेजारी विणलेल्या लुगड्यांचे गाठोडे. मुखरू पाण्याकडे तोंड करून बोलत होता. हळू, न थांबता, मधूनमधून हाताने दाखवत. कार्तिकापासून त्याला इतके बोलताना मनकर्णेने पाहिले नव्हते. खरे तर त्याआधीही नव्हते. बाई काही म्हणत नव्हती. मान हलवत होती, ती मान त्याला दिसत नाही हे ठाऊक असूनही.

तिने मनकर्णेला पाहिले. लुगड्याचा रंग पाहिला. उठून चार पावले इकडे आली.

"तू पोरगी नं?"

मनकर्णेने मान हलवली.

"मी भागीरथा. माल देयाले आली होती इकडं. रागावू नको, बाई. मी पहिलेच सांगनार होती, बाबा मी तुमची नोहो म्हून. पन त्यायनं माह्या मागं बसून सुरुवात केली, अन् मंग मले मधात बोलवलं नाई. गाडी रिकामी झाली तवा म्हटलं, आता एकटं कसं सोडू? पान्याचा वास आला त म्हणे, तिकडं बसू. बसलो." तिने गाठोडे काखेत मारले. "त्यायची पोरगी मागच्या गाडीनं येईनच, असं वाटलं मले. येतेच नं."

"काय बोलत होते?"

भागीरथेने तिच्याकडे जरा वेळ पाहिले. "ते तुह्यासाठी होतं. तूच पुस." आणि जाता जाता वळून म्हणाली, "माहा बाप माह्यापाशी असा कधी बोलला नाई."

तिचे तिकिटाचे पैसे द्यायचे राहिले, हे मनकर्णेला ती दिसेनाशी झाल्यावर आठवले.

मुखरू तसाच बसला होता. पाय सुकले होते, पोटऱ्यांवर नदीची राड वाळून पांढरी पडली होती. वाहाणा अजून हातातच. मनकर्णा त्याच्या शेजारी बसली. तळ्यात कुणी तरी जाळे टाकत होते; पाण्यावर पडल्याचा आवाज आला आणि मुखरूची मान तिकडे वळली.

"लहान टाकलं," तो म्हणाला. "शहरातला हाय."

"बाबा, मी मना."

"हं."

"बाबा, मघा इथी जे बसलं होतं ते—"

"तू नोहतीस. मालूम हाय मले."

"कवापासून?"

"पहिले वाटलं, तूच. जांभळं होतं. मंग मी बोलत गेलो, बोलत गेलो, अन् मधात कोनी काहीच म्हटलं नाई." मुखरूच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आले. "तवा समजलं, हे काही आपली मना नोहे."

तिच्या तोंडाशी उत्तर आले होते. अर्धा दिवस ती कशी फिरली, काय काय मनात आणले, चांद्याच्या मोटारीतली ती तार, सगळे एकदम आले. तिने तोंड उघडले आणि मिटले. पाण्यावर पुन्हा जाळे पडले.

दवाखान्याची वेळ टळून गेली होती. उद्या पाहू, ती म्हणाली. त्याने मान हलवली. परतीच्या मोटारीत ती दाराजवळच्या बाकावर त्याच्याशेजारीच बसली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बायायची जागा पुढं हाय." ती म्हणाली, "असू द्या." त्याने खांदे उडवले.

गाडी बरीच पुढे आल्यावर मुखरू बोलू लागला. थांबत बोलत होता. एक एक वाक्य झाले की जरा वाट पाहत होता, आणि मधे कुणी शिरत नाही असे पाहून पुढचे काढत होता.

"तुही माय असती त असं झालं नसतं. नाल्यापाशी मी वाहाणा तिच्यापाशी देत होतो. खिडकीतून. लग्न झालं तवापासून. पहिले बैलगाडी होती, तवाबी. ती मांडीवर घेऊन बसे. लोक हासत, नवऱ्याच्या वाहाणा मांडीवर घेते म्हून." तो थांबला. मनकर्णेने खिडकीबाहेर पाहिले. "एकदा नवा ड्रायव्हर होता. त्याले रीत मालूम नोहती. पलीकडं गेला अन् थांबेचना. तुही माय उठली, अन् माही एक वाहाण फेकून मारली त्याले. पाठीत. म्हणे, 'मानूस मागं हाय माहा, अन् तू निंगाला?'"

त्याच्या गळ्यातून हसल्यासारखा आवाज निघाला. मनकर्णेला आई दिसली, पदर खोचून उठलेली, हातात वाहाण. ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. किंवा कुणी तरी सांगायला घेतली असेल.

"काल नाल्यापाशी आलो खिडकीखाली," तो म्हणाला. "हात वर केला. मंग याद आली."

तिला खूप काही म्हणायचे होते. तिने मांडीवरची पिशवी जवळ ओढून घेतली.

बाहेरून ओल्या कपड्यांचा आणि शेवाळाचा वास आला. गाडी पुलाच्या तोंडाशी मंद झाली. मुखरूची मान वर झाली, हात आपोआप खाली गेला, आणि त्याने वाकून पायातल्या वाहाणा काढल्या. इथे उतरायचे नसते हे त्याला आता ठाऊक होते की नाही, कोण जाणे. वाहाणा हातात धरून तो तसाच राहिला, कान गाडीच्या आवाजाकडे.

मनकर्णेने पिशवी खाली पायाशी ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. हात त्याच्या हाताला लागले. क्षणभर त्याला कळले नाही. मग त्याने वाहाणा तिच्या हातात दिल्या आणि तिने त्या मांडीवर घेतल्या. समोरच्या बाकावरचा माणूस पाहत राहिला.

मोटार थांबली नाही. खाली धोबिणीचे कपडे दगडांवर वाळत पडले होते. पूल गेला आणि गाडी महालाच्या चढाला लागली.

"गेलो का पलीकडं?" मुखरूने विचारले.

"गेलो."

"कोनी मागं नाई नं राह्यलं?"

"नाई, बाबा."

"मंग ऐक," तो म्हणाला, आणि पाठ टेकून पुढचे सांगू लागला. इतवारी येईपर्यंत वाहाणा तिच्या मांडीवरच होत्या.